रेघ, रेषा आणि रंगकला : चित्रकलेच्या विद्यार्थ्यासाठी कलामहाविद्यालयांची तुलना

चित्रकला शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने कोणत्या महाविद्यालयात जावे, या प्रश्नाला महाराष्ट्रात बहुधा एकाच नावाने उत्तर दिले जाते. ‘जे. जे.’ ही दोन अक्षरे उच्चारली की चर्चा संपते. आणि तेथे प्रवेश मिळाला नाही तर जवळचे एखादे पाहावे, एवढाच उपदेश शिल्लक राहतो. या उत्तरात प्रतवारी आहे, तुलना नाही. प्रतवारी करणारा सर्व संस्था एकच वस्तू कमीअधिक प्रमाणात देतात असे गृहीत धरून चालतो. तुलना करणाऱ्याला, त्या एकच वस्तू देतात काय, हा प्रश्न प्रथम विचारावा लागतो. ‘चित्रकला’ हा शब्द सर्वांच्या पाटीवर असला तरी त्या शब्दाने प्रत्येक ठिकाणी निराळी गोष्ट अभिप्रेत असते, आणि विद्यार्थ्याच्या आयुष्यातील चार वर्षे खर्ची पडतात ती त्या निराळेपणावर.

भोर तालुक्यातील भोंगवलीसारख्या गावातील एखादा विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवला म्हणजे हा भेद नुसता तात्त्विक राहत नाही. अशा विद्यार्थ्याची चित्रकलेशी पहिली औपचारिक ओळख होते ती शासकीय रेखाकला परीक्षांतून. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या नावांनीच त्या खेड्यापाड्यांत ओळखल्या जातात, आणि त्यांतील श्रेणीमुळे शालान्त परीक्षेत काही वाढीव गुण मिळतात म्हणून एरवी चित्रकलेकडे कानाडोळा करणारी घरेही मुलांना त्यांस हौसेने बसवितात. त्याने पाहिलेला हाडामांसाचा चित्रकार म्हणजे शाळेतील ड्रॉइंग मास्तर. मूळ तैलचित्र त्याने बहुधा पाहिलेले नसते. घराजवळून जाणारा महामार्ग मात्र त्याला दोन दिशा दाखवितो : उत्तरेस पुणे व त्यापुढे मुंबई, दक्षिणेस सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर. या दोन दिशांना चित्रकलेच्या दोन भिन्न परंपरा नांदत आल्या आहेत, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

या परीक्षांतील विषयांची नावे लक्षात घेण्याजोगी आहेत. वस्तुचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन या सर्वांत विद्यार्थ्यापुढे काहीतरी ठेवलेले किंवा नियमाने बांधलेले असते. एकट्या ‘स्मरणचित्रा’त त्याचे गाव प्रवेश करते. बाजार, जत्रा, पाणवठा, शेतातील कामे हे तेथील नेहमीचे विषय होत. मावळातील भातलावणीत वाकलेल्या पाठी ज्याने पाहिल्या आहेत त्याला त्या आठवून काढावयाच्या असतात. हा विषय परीक्षेच्या साच्यात सापडून पुष्कळदा ठोकळेबाज होतो हे खरे. तरीही, पाहिलेले मनात साठवून हातावाटे बाहेर काढणे ही जी चित्रकाराची मूळ क्रिया, तिला शालेय अभ्यासक्रमात मिळालेली ही एकमेव जागा आहे. पुढे ज्या महाविद्यालयात तो जाईल तेथे या स्मरणाचे काय होते, हे तुलनेचे एक गमक मानावयास हरकत नाही. अंबिका धुरंधर यांनी १९३१ मध्ये जे. जे.ची पदविका मिळविली, आणि आपल्या आठवणींच्या पुस्तकाला ‘माझी स्मरणचित्रे’ हे नाव दिले. परीक्षेतील शब्द आयुष्याला पुरतो, याचा हा एक दाखला.

संस्थांच्या नावांपासूनच आरंभ करावा. ‘कलाभवन’ हे नाव दोन प्रसिद्ध संस्थांना मिळाले. सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये बडोद्यात स्थापिलेले कलाभवन हे तंत्रशिक्षणाचे केंद्र होते. रंगविणे, विणणे, यंत्रे चालविणे, छायाचित्रण हे सर्व तेथील ‘कला’ या शब्दात सामावले होते. शांतिनिकेतनात १९१९ मध्ये निघालेल्या कलाभवनात तोच शब्द ललितकलेकडे झुकलेला दिसतो. दादासाहेब फाळके १८८५ मध्ये मुंबईच्या कलाशाळेत शिरले व पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेले, ते या शब्दाच्या जुन्या, व्यापक अर्थाचा मागोवा घेतच. धुरंधरांनी १९४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मवृत्तात मुंबईच्या शाळेला ‘कलामंदिर’ म्हटले; कोल्हापुरात ‘कलानिकेतन’ आले; पुण्यात ‘अभिनव’ कला महाविद्यालय आले. भवन, मंदिर, निकेतन, महाविद्यालय या शब्दांच्या छटा योगायोगाच्या नव्हेत. मंदिरात गाभारा असतो व पुजारी असतो. निकेतनात राहावयाचे असते. महाविद्यालयात उपस्थिती व श्रेयांक असतात.

ज्या विभागात चित्रकार व्हावयाचे त्या विभागाचे महाराष्ट्रातील रूढ नाव आहे ‘रेखा व रंगकला’. हे इंग्रजी जोडनावाचे शासकीय भाषांतर आहे हे उघड आहे. मराठीत ‘चित्र काढणे’ ही एकच क्रिया पुरत असताना रेखा निराळी व रंग निराळा अशी फाळणी या नावाने केली, आणि ती अभ्यासक्रमातही उतरली : आधी रेखाटन पक्के, मग रंग. शिवाय ‘रेखा’ हा शब्द बोलण्यात कोणी वापरीत नाही. शाळकरी मुलगा ‘रेघ मारतो’, समीक्षक ‘रेषे’विषयी लिहितो, आणि रेखा उरते ती सामासिक शब्दांत. तिन्ही शब्द एकाच कुळातले. पण भोंगवलीच्या मुलाच्या ओठी आहे ती रेघ, आणि ‘रेघोट्या ओढणे’ म्हणजे निरर्थक उद्योग हेही तो घरातच शिकला आहे. रेघेकडून रेषेकडे त्याला नेणे हे कलामहाविद्यालयाचे काम. ते कोणी कसे केले, यावर संस्थांचे मूल्यमापन व्हावे.

सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ मध्ये देऊ केलेल्या एक लक्ष रुपयांच्या देणगीतून मुंबईची कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली. आरंभीच्या नावात कलेबरोबर ‘उद्योग’ही होता. देशी कारागिरांची आरेखनाची जाण सुधारावी हा तिचा हेतू. चित्रकार घडविणे हा नव्हे. चित्रकला तेथे मागील दाराने आली असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करविल्या. त्यांपैकी पुष्कळ प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. उरलेल्यांच्या आधारे त्यांचा मोठा ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला. या प्रसंगाचे महत्त्व केवळ पुरातत्त्वीय नाही. वर्गात पाश्चात्त्य मूर्तींचे प्लास्टरचे साचे समोर ठेवून ‘अँटिक’ काढणारे विद्यार्थी गुहेच्या अंधारात भारतीय रेषेची नक्कल करीत बसले, आणि एकाच संस्थेत पाहण्याच्या दोन शिस्ती शेजारी शेजारी आल्या. त्यांचा सांधा मात्र जुळला नाही. जे. जे.च्या पुढील शंभर वर्षांच्या इतिहासाचा मोठा भाग हा या न जुळलेल्या सांध्याचा इतिहास आहे.

ग्लॅडस्टन सॉलोमन १९१९ मध्ये प्रमुख म्हणून आल्यावर त्यांनी जिवंत मॉडेलसमोरील अभ्यास व भित्तिचित्रांचा वर्ग या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सुरू केल्या, त्यामागे हाच सांधा जुळविण्याची धडपड होती. मानवी देहाचे यथार्थ ज्ञान पाश्चात्त्य रीतीने मिळवावे व त्याचा विनियोग भारतीय अलंकरणात करावा, असा त्यांचा आग्रह. नव्या दिल्लीच्या सचिवालयातील नॉर्थ ब्लॉकमध्ये या शाळेच्या चित्रकारांनी रंगविलेली भित्तिचित्रे त्याची साक्ष देतात. ती पाहताना देह एका शाळेतून आलेले व वस्त्रालंकार दुसरीतून, असे जाणवल्यावाचून राहत नाही. त्यांच्यानंतर चार्ल्स जेरार्ड यांच्या काळात युरोपातील आधुनिक चित्रकलेची हवा वर्गात शिरली. पुढे शंकर पळशीकर यांनी आधी अध्यापक व मग अधिष्ठाता या नात्याने व्यक्तिचित्रणाची कडक शिस्त आणि भारतीय चिंतनातून आलेला रंगविचार एकत्र नांदविला. पळशीकरांपाशी तो जुना सांधा बराचसा जुळला. परंतु तो एका व्यक्तीच्या ठायी जुळला, अभ्यासक्रमाच्या ठायी नव्हे. संस्थेचे मोठेपण व शिक्षकाचे मोठेपण यांची गल्लत होते ती अशा वेळी. विद्यार्थी संस्थेच्या नावाने अर्ज करतो, पण शिकतो तो दोन किंवा तीन माणसांपाशी.

धुरंधरांचे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे पुस्तक या दृष्टीने आजही वाचनीय आहे. कोल्हापुरात १८६७ मध्ये जन्मलेला हा चित्रकार १८९० मध्ये मुंबईस आला व तेथेच विद्यार्थ्याचा शिक्षक होऊन १९३१ पर्यंत राहिला. एका मराठी मुलाला या शाळेने काय दिले हे समजून घ्यावयास याहून प्रत्यक्ष साधन नाही. त्याचे उणेपणही त्याच्या नावातच आहे. मंदिरात चार दशके राहिलेला मनुष्य मूर्तीविषयी भक्तीने बोलतो. मूर्ती येथे का, व अशीच का, हे विचारणे त्याच्या स्वभावात बसत नाही. माहितीपत्रकाच्या तुलनेत हे पुस्तक शतपटीने प्रामाणिक आहे, तथापि तुलनेसाठी लागणारे अंतर त्यात नाही.

जे. जे.च्या श्रेष्ठत्वाचा नेहमी दिला जाणारा पुरावा म्हणजे तेथील नामवंत माजी विद्यार्थ्यांची यादी. हा पुरावा तपासून घेण्यासारखा आहे. १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन करणाऱ्या सहा जणांत फ्रान्सिस न्यूटन सूझा यांना १९४५ मध्ये याच शाळेतून काढून टाकण्यात आले होते. कृष्णाजी हौळाजी आरा यांना कलाशाळेचे रीतसर शिक्षणच मिळाले नव्हते. सय्यद हैदर रझा नागपूरच्या कलाशाळेतून मुंबईस आले होते. पुढच्या पिढीतील सुधीर पटवर्धन यांनी पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ मध्ये पदवी घेतली व क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करीत ठाण्या-मुंबईची माणसे रंगविली. दुसऱ्या बाजूस वासुदेव गायतोंडे (पदविका १९४८) व प्रभाकर बरवे (पदविका १९५९) हे त्याच शाळेचे. तेव्हा यादी काहीच सिद्ध करीत नाही असे नाही. ती शहर सिद्ध करते. मुंबईत बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून होती, जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ मध्ये आली. चित्रे पाहणारा, विकत घेणारा व त्यांवर भांडणारा वर्ग तेथे होता. महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर थोडे चालले की मूळ चित्रे दिसतात, हा लाभ अभ्यासक्रमात कोठेही छापलेला नसतो. भोंगवलीच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने मुंबईचे खरे आकर्षण हेच असावयास हवे. २०२३ मध्ये या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्यामुळे अभ्यासक्रम आखण्याचे स्वातंत्र्य तिला लाभले. ते ती कसे वापरते यावर आताच निर्णय देणे उतावीळपणाचे होईल.

शांतिनिकेतनची रीत याच्या अगदी विरुद्ध टोकाची. नंदलाल बसू यांनी १९२२ पासून तीन दशके कलाभवन चालविले. मॉडेल मंचावर बसवून देहाचा अभ्यास करणे हा त्या पद्धतीचा कणा नव्हता. झाड, गुरे, संथाळ वस्ती, बाजार हे पाहून यावे, परत येऊन काढावे, पुन्हा जाऊन पाहावे. येथे स्मरणचित्र हा परीक्षेतील एक विषय राहत नाही, ती शिक्षणाची पद्धतीच होते. महाराष्ट्राला ही रीत परकी नाही. १९३६ च्या डिसेंबरात खानदेशातील फैजपूर या खेड्यात भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाची सजावट नंदलालांनी बांबू, चटया अशा स्थानिक साहित्यातून केली होती. कोल्हापूरचे विनायक मासोजी तेथे विद्यार्थी म्हणून गेले व पुढे तेथेच अध्यापक झाले. ज्याच्या मनात गाव भरलेले आहे त्या मुलाला ही शाळा तत्त्वतः सर्वांत जवळची. व्यवहारतः मात्र ती भाषेने व अंतराने सर्वांत दूर पडते. आणि तेथील काव्यमयतेचे अनुकरण केल्याने अंगात शैथिल्य येते असा जो आक्षेप मुंबईकर मंडळी पूर्वी घेत, त्यात तथ्य अगदीच नाही असे म्हणवत नाही.

या दोन टोकांमधून वाट काढली ती बडोद्याने. महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० च्या सुमारास ललितकला विद्याशाखा सुरू झाली, तेव्हा चित्रकला ही पदविकेची गोष्ट न राहता विद्यापीठीय पदवीची गोष्ट झाली. जे. जे.ला ते पाऊल उचलावयास १९८० नंतरचा काळ उजाडावा लागला. हा फरक कागदी नव्हता. कलेचा इतिहास व समीक्षा यांना बडोद्याने रंगांइतकेच मानाचे स्थान दिले, त्यामुळे विद्यार्थ्याला आपण जे काढतो ते कोणत्या परंपरेत बसते अथवा बसत नाही, हे बोलता येऊ लागले. इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे १९५० ते १९६६ या काळात तेथे होते. शांतिनिकेतनात शिकलेले के. जी. सुब्रमण्यन तेथे आले व अनेक वर्षांनी पुन्हा शांतिनिकेतनात शिकवावयास गेले. बेंद्र्यांचा प्रवास इंदूर, मुंबई, बडोदा असा, सुब्रमण्यन यांचा शांतिनिकेतन, बडोदा, शांतिनिकेतन असा, रझांचा नागपूर, मुंबई, पॅरिस असा. कोणत्याही एका शाळेने चित्रकार पूर्ण केल्याचे उदाहरण या पिढीत शोधूनच काढावे लागेल. बडोद्याचा दोष म्हटला तर त्याच्या गुणातूनच उद्भवतो. बोलणे सुकर झाल्यावर चित्राआधी बोलणे तयार होऊ लागते.

महामार्गाची दक्षिण दिशा घेतली की चित्र पालटते. कोल्हापुरात चित्रकाराला ‘पेंटर’ म्हणतात व तो शब्द आदराने उच्चारतात. बाबुराव कृष्णराव मेस्त्री (१८९०-१९५४) यांचे तर तेच आडनाव झाले. पुण्या-मुंबईत ‘पेंटर’ म्हणजे पाट्या रंगविणारा व ‘चित्रकार’ म्हणजे प्रदर्शन भरविणारा, अशी जी पायरी पडली ती कोल्हापुरी बोलीत पडली नाही. नाटकाचे पडदे रंगविणारा, कॅमेरा स्वतः बनविणारा, चित्रपट काढणारा आणि तैलचित्र करणारा हा एकच मनुष्य असू शकला. आबालाल रहिमान मुंबईच्या शाळेत शिकून कोल्हापुरास परतले व तेथील तळ्याकाठांची निसर्गचित्रे करीत राहिले. ही परंपरा कारखान्यातली, म्हणजे उमेदवारीची : गुरूच्या शेजारी बसावे, रंग घोटावे, पाहत पाहत शिकावे. कलानिकेतन, दळवीज आर्ट्स इन्स्टिट्यूट यांसारख्या तेथील संस्थांत या उमेदवारीचा वारसा वर्गाच्या चौकटीत आला. व्यक्तिचित्र व निसर्गचित्र यांवरील हाताची पकड हे कोल्हापूरचे बल. चित्र काय म्हणते यापेक्षा ते कसे उतरले याकडे लक्ष अधिक, ही तेथील मर्यादा. आणि ही मर्यादा तेथे बहुधा अभिमानाने मिरविली जाते. सांगलीचे कलाविश्व महाविद्यालय आणि चिपळूणजवळचे सावर्डे येथील सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट यांचा विचारही याच दिशेने करावा लागतो. सावर्ड्याचा विशेष असा की, ती संस्था खेड्यातच आहे. विद्यार्थ्याला गाव सोडून शहरात जावे लागत नाही आणि निसर्गचित्रासाठी सहल काढावी लागत नाही.

नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय महाविद्यालये शुल्काच्या दृष्टीने विचारार्ह खरी, आणि दुसऱ्या ठिकाणी अजिंठा व वेरूळ हाताशी आहेत ही गोष्ट लहान नव्हे; पण भोरहून त्यांची वाट लांबची. पणजीच्या गोवा कला महाविद्यालयाचा उल्लेख येथे केवळ यासाठी की, मराठी-कोंकणी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला तेथे भाषेची अडचण पडत नाही.

राहिले पुणे. भारतीय कला प्रसारिणी सभेचे टिळक रस्त्यावरील अभिनव कला महाविद्यालय, तसेच सातारा रस्त्याच्या बाजूस धनकवडीला असलेले भारती विद्यापीठाचे ललितकला महाविद्यालय, ही भोंगवलीच्या विद्यार्थ्याला खऱ्या अर्थाने आवाक्यातली. राहण्याचा खर्च वाचतो किंवा कमी होतो, आणि शेतीच्या हंगामात घरी जाता येते. पुण्याची अडचण निराळी आहे. हे नगर शब्दांचे. व्याख्यानमालेला, नाटकाला, पुस्तकाला येथे जो प्रेक्षक व वाचक मिळतो त्याच्या मानाने चित्राला मिळत नाही. पुण्यात शिकणाऱ्याने वर्गात मिळणारे हस्तकौशल्य मनापासून घ्यावे, पण मूळ चित्रे पाहण्यासाठी मुंबईची वारी ठरवूनच करावी.

आता भाषेच्या प्रश्नाकडे वळले पाहिजे, कारण प्रवेशाच्या तुलनेत त्याचा विचार कधीच होत नाही. महाराष्ट्रातील कलावर्गांत शिक्षक विद्यार्थ्याच्या चित्रासमोर उभा राहून जे बोलतो ती एक विलक्षण मराठी आहे. तिच्यातील नामे जवळजवळ सर्व इंग्रजी असतात : टोन, फॉर्म, स्पेस, कॉम्पोझिशन, टेक्श्चर. क्रियापदे मात्र सर्व घरची. टोन ‘बसला’ नाही, रंग ‘मळला’, चेहरा ‘उतरला’ आहे, आकृती ‘उठत’ नाही, रंग ‘विटला’, कोपरा ‘ओका’ राहिला. धान्य मळले जाते, वस्त्र मळते, उटी विटते, पीक उठून येते. ज्या मुलाला ही क्रियापदे शेतात व माजघरात मिळाली आहेत त्याला चित्राविषयीचा निर्णय अर्धा आधीच समजलेला असतो. समीक्षेचा खरा भार नामांवर नसून या क्रियापदांवर आहे. नाम वस्तूला खूण करून थांबते; ती वस्तू चांगली साधली की बिघडली, हे क्रियापद सांगते.

असे असता परीक्षेत व मुलाखतीत विद्यार्थ्याकडून अपेक्षा असते ती नामांची. ‘स्पेस’ हा शब्द वेळेवर उच्चारणारा मुलगा हुशार ठरतो, ‘इथं चित्र दमलंय’ म्हणणारा गावठी ठरतो. वस्तुतः दुसऱ्याचे विधान अधिक नेमके आहे. मराठीत या अनुभवाला शास्त्रीय रूप देण्याचे यत्न झाले नाहीत असे नाही. द. ग. गोडसे यांनी १९६३ मध्ये आपल्या कलाविषयक ग्रंथाला ‘पोत’ हे नाव दिले. विणकराच्या हातातला हा शब्द त्यामुळे ‘टेक्श्चर’च्या शेजारी निःसंकोच बसू शकला. बरव्यांच्या ‘कोरा कॅनव्हास’मध्ये (१९९०) आकार व अवकाश यांविषयी एक चित्रकार मराठीतच विचार करतो. तो विचार आधी इंग्रजीत करून मग भाषांतरित केला, असा वास त्या पानांना नाही. जे. जे.त शिकलेल्या व नंतर वाराणसीच्या विणकर सेवा केंद्रात काम केलेल्या चित्रकाराने हे लिहावे, हेही अर्थपूर्ण आहे. गोडसे व बरवे यांची पुस्तके महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नुसती आहेत की वर्गात वाचली जातात, ही चौकशी प्रवेश घेण्यापूर्वी अवश्य करावी. फर्निचर व स्टुडिओ यांच्या पाहणीपेक्षा तिने संस्थेची ओळख अधिक पटेल.

यावर एक व्यवहारी आक्षेप संभवतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. शेतकरी कुटुंबाला भाषेची व परंपरेची चिकित्सा परवडत नाही. मुलगा पुढे काय मिळवील हे त्यांना विचारावेच लागते. म्हणूनच पुष्कळ विद्यार्थी चित्रकार होण्याच्या इच्छेने निघतात व कलाशिक्षक पदविकेत किंवा उपयोजित कलेच्या वर्गात पोचतात. ‘उपयोजित’ या शब्दाने दुसरी ती ‘निरुपयोगी’ असे न बोलता सुचविले जाते, हा त्या संज्ञेचा एक अनर्थ. कलाशिक्षकाचा पेशा कमी प्रतीचा मानण्याचे कारण नाही. भोंगवलीच्या मुलाला चित्रकलेची वाट दाखविली ती अशाच एका मास्तरांनी. परंतु ज्याला चित्रच काढावयाचे आहे त्याने पदविकेला चित्रकलेचा पर्याय समजू नये. ती उदरनिर्वाहाची तरतूद म्हणून उघड्या डोळ्यांनी घ्यावी व चित्रासाठी निराळा वेळ राखावा. पटवर्धनांनी क्ष-किरणे पाहून जे साधले ते ड्रॉइंग मास्तराला साधू नये असे काही नाही.

एवढ्या विवेचनावरून निष्कर्ष काढावयाचा तर तो विद्यार्थ्याच्या प्रकृतीप्रमाणे बदलेल. ज्याचा हात अजून कच्चा पण डोळा जागा आहे त्याने पदवीची वर्षे कोल्हापूरच्या वा सावर्ड्याच्या शिस्तीत घालवावी व पदव्युत्तर अभ्यासासाठी बडोद्याचा विचार करावा. हे क्रमाने केलेले अधिक लाभते. उलट्या क्रमाने गेलेल्यांना हात मिळण्याआधी मते मिळतात. ज्याचा हात तयार आहे आणि घराला मुंबईतील राहण्याचा भार पेलवतो त्याने जे. जे.साठी प्रयत्न करावा, तोही तेथील नावासाठी नव्हे, तेथील शिक्षक कोण आहेत हे विचारून व शहरातील प्रदर्शने पाहण्याच्या निश्चयाने. ज्याला घर सोडणे शक्य नाही त्याने पुणे पत्करण्यात कमीपणा मानू नये. शांतिनिकेतन हे ज्याला एकटेपणा सोसतो त्याच्यासाठी.

अर्ज करण्यापूर्वी एक काम भोरच्या विद्यार्थ्याला फारसा खर्च न करता करता येण्यासारखे आहे. मांढरदेवीच्या घाटाने वाईला उतरून मेणवलीच्या नाना फडणविसांच्या वाड्यातील भिंतींवरची चित्रे पाहावीत, आणि तेथून सातारा जिल्ह्यातील औंधला जावे. स्वतः चित्रकार असलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या भवानी संग्रहालयात राजा रविवर्मा व धुरंधर यांची मूळ चित्रे आहेत. मेणवलीच्या भिंतीवरची रेषा आणि औंधच्या तैलरंगातला देह यांपैकी कशासमोर आपले पाय अधिक वेळ थांबतात, हे तेथे उभे राहिल्यावरच कळेल. राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेत वस्तुचित्र व संकल्पचित्र यांच्या जोडीला स्मरणचित्राची उत्तरपत्रिका आजही असते. त्या उत्तरपत्रिकेसाठी इतरांची नमुना चित्रे घोकण्यापेक्षा गावची जत्रा काढावी, ती पुन्हा जाऊन पाहावी, आणि पुन्हा काढावी.